शिंपले लागले की उजवीकडे

वेस्टरझीलच्या बांधाला समुद्राच्या बाजूने अकरा पायऱ्या आहेत, आणि सर्वांत वरची पायरी जोड्यांची. ओहोटीला पाणी मैलोन्‌मैल मागे हटतं. त्यातून जी जमीन उघडी पडते तिला गावात तळ म्हणतात. तळावर उतरणारा माणूस आपले जोडे त्या पायरीवर ठेवतो, अनवाणी जातो आणि परत आला की घालतो. भरती लागल्यावरही पायरीवर जोडे दिसले तर ज्याने पाहिले त्याने घंटा वाजवायची. ज्याचे जोडे न्यायला कुणी आलंच नाही, त्याचे मात्र कुणी हलवायचे नाहीत. वादळ येऊन नेईल तेव्हा नेईल. मारेट सात वर्षांची असताना कोळंबीवाल्या हारोचा जोड तिथे अख्खा उन्हाळा होता. शाळेत जाताना ती डोळे घट्ट मिटून त्या जागेवरून पळायची आणि दोनदा तोंडावर आपटली होती.

आता मारेट एक्केचाळीस वर्षांची होती आणि पायरीवर जोडे ठेवत नव्हती. राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीने तिला पायाला चिकटून बसणारे काळे रबरी बूट दिले होते. ते गाडीतच चढवायचे, तसंच तळावर उतरायचं आणि तसंच परत यायचं. तिचं काम मोजणीचं. समुद्राच्या तळावर कोण राहतं, कुठे राहतं, किती आहेत, कोण गेलं आणि कोण नवं राहायला आलं, हे ती वर्षातून दोनदा चौकट टाकून मोजायची. वाट दाखवायला तिचे वडील केटेल असायचे. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि पंचावन्न वर्षं लोकांना तळावरून नेत होते. आजवर त्यांनी एकही माणूस गमावला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारताही सांगत.

त्या एप्रिलच्या सकाळी दोघं स्वयंपाकघरात चहा पीत होती. केटेलनी पेल्यात खडीसाखर टाकली आणि किटली उचलली. तोटीतून उकळत्या चहाची धार सुटली ती थेट त्यांच्या उघड्या पावलावर पडली.

"बाबा! भाजलं ना?"

"काय?" त्यांनी खाली पाहिलं. पाऊल लाल झालं होतं. त्यांनी फडक्याने पुसलं, जसं कुणी टेबल पुसतं. "पंचावन्न वर्षं मिठात मुरलेला पाय आहे हा. चहाला काय भीक घालतो!"

मारेट हसली. म्हातारा दगडाचा आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याचा अभिमानच वाटला. पुढे कितीतरी महिने ते हसू आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

पायरीवर केटेलनी आपले लाकडी जोडे काढून टोकं गावाकडे करून ठेवले. मग मुलीच्या पायांकडे बघून नेहमीचं बोललेच. "तुझे जोडे पायरीवर नाहीत म्हणजे तू गेलीसच नाहीस. मग समुद्राला कसं कळायचं तुला परत करायचंय ते?"

"माझी नोंद कचेरीत असते, बाबा."

"कचेरी घंटा वाजवते का?"

मारेट चार पायऱ्या उतरून बांधाआड गेली तेवढ्यात बांधाशेजारच्या घरातून गोंडेलमावशीने खिडकी उघडली. ती मारेटच्या आईची थोरली बहीण. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि गावातल्या कुणाचंही काही चुकलं की तिला ते सर्वांत आधी कळायचं. "केटेल, अकराला ओहोटी संपतेय! बोलत बसू नकोस!"

"मी तुला आठवण करायला सांगितलं होतं का गं?"

"तुला कुणीतरी सांगावं लागतं म्हणूनच ओरडतेय!"

दोघं उतरली. मारेटच्या मागे दोरीने ओढायची घसरगाडी होती आणि तिच्यात दोरी बांधलेली लोखंडी चौकट, डबे, कागद. आभाळ निळं होतं, वारा नावालाच होता, आणि एप्रिलच्या मानाने चांगलंच ऊन पडलं होतं. थंड पाण्यावर असं ऊन पडलं की काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. पण दोघांपैकी कुणीच ते बोलून दाखवलं नाही.

बांधापासून तासभर चाललं की लांगलाय लागते. ही खाडी ओहोटीतही आटत नाही, आणि ओलांडायची जागा, म्हणजे उतार, एकच. खाडीच्या पलीकडच्या काठाने उत्तर-दक्षिण असा काळ्या शिंपल्यांचा लांब पट्टा आहे, आणि त्याच्या दक्षिण टोकापाशी पाणी गुडघ्याएवढंच असतं. समुद्राकडून परतताना केटेलच्या आजोबांपासून एकच शिकवण चालत आली होती. पूर्वेला चालत राहायचं, पायाखाली शिंपले लागले की उजवीकडे वळायचं आणि शिंपले संपले की पाण्यात उतरायचं. तळावर दुसरे शिंपले नव्हतेच. धुकं असो, पाऊस असो, डोळ्यांची गरज नव्हती. म्हणून तर अनवाणी जायचं.

म्हणजे आजोबांच्या काळी दुसरे शिंपले नव्हते. आता होते. मारेटच्या लहानपणी उत्तरेच्या बेटावर कुणीतरी जपानी कालवं आणून पाळली होती. इथलं पाणी इतकं गार की त्यांना पिल्लं व्हायचीच नाहीत, असं तेव्हा शहाणी माणसं सांगायची. मग हिवाळे नरमले. पाण्यात तरंगणारी पिल्लं जिथे टणक काही मिळेल तिथे चिकटली आणि बघता बघता त्यांची वस्ती झाली. गेल्या शरदात मारेटने अशी एक मोठी वस्ती नकाशावर मांडली होती. लांगलायला उताराच्या उत्तरेला एक फाटा फुटून पश्चिमेकडे जातो, त्या फाट्याच्या आणि मुख्य खाडीच्या बेचक्यात. तिने जेवताना वडिलांना सांगितलंही होतं.

"बेचक्यात? माझ्या?" केटेल म्हणाले होते. "विचारून आले का?"

"बाबा, गंमत नाही. पाच वर्षांपूर्वी तिथे नुसती वाळू होती. तुमच्या शिंपल्यांसारखाच पट्टा झालाय."

"काळे शिंपले गोल पाठीचे, गुळगुळीत. कालव म्हणजे वस्तरा. पहिल्या पावलाला कळेल मला." आणि त्यांनी बटाटे पुढे ओढले होते.

दहाला दोघं बाहेरच्या वाळूवर पोचली आणि मारेट गुडघ्यावर बसून मोजायला लागली. चौकट टाकायची, आतलं मोजायचं, फोनवर जागा टिपायची, उठायचं, पुन्हा टाकायची. पाण्याच्या अगदी काठाला नळीकिडे होते. वाळूचे कण चिकटवून ते बोटभर उंचीच्या नळ्या बांधतात आणि वर झालर सोडतात. त्यांना खोल पाण्याची सोबत लागते, म्हणून ते कायम कडेला. जरा उंचावर वाळूतले जाड गांडूळ. वाळू खाऊन शेवयांसारख्या गुंडाळ्या बाहेर टाकणारे. अजून उंचावर, बांधाकडे, त्यांचीच पोरं आणि समुद्रगवत. प्रत्येकाची जागा ठरलेली, वीतभर उंची बदलली की शेजारी बदलतो. मारेटला ही शिस्त माणसांपेक्षा बरी वाटायची.

एका डबक्यापाशी वाकताना फोनची पिशवी पाण्यात लोंबली. पिशवीचं तोंड तिने नीट बंद केलं नव्हतं. पडदा दोनदा चमकला आणि काळा झाला.

"गेला?" केटेलनी विचारलं.

"गेला. तुमचा द्या."

"माझा घरी आहे. पाव ठेवतो त्या डब्यात."

"डब्यात कशाला?"

"मांजर पाडते."

तिने शिवी हासडली, ते हसले. अजून हसण्यासारखं होतं. मग केटेलनी पश्चिमेकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. तिकडे क्षितिज नव्हतं. भिंत होती, पांढरी, बसकी, आणि ती चालत येत होती.

"आवर," ते म्हणाले.

दहा मिनिटांत धुकं अंगावर आलं. आधी दूरचे बगळे गेले, मग पाण्याचा काठ, मग स्वतःच्या मागे उमटलेल्या पाऊलखुणा. ऊन गेलं आणि थंडी कपड्यांच्या आत शिरली. आवाजसुद्धा जवळचेच उरले. बाकी सगळं कापसात गुंडाळल्यासारखं झालं. मारेटने असं धुकं याआधी तीनदा पाहिलं होतं, तिन्ही वेळा बांधावरून.

केटेलनी गळ्यातलं होकायंत्र हातात घेतलं. "पूर्व. शिंपले लागले की उजवीकडे. चल."

होकायंत्राने दिशा कळते, उताराची जागा कळत नाही. मध्ये मऊ चिखलाचा पट्टा आला. केटेल डावीकडून वळसा घेऊन पुढे निघाले. मारेटला तो वळसा जरा लांबलासा वाटला. पण वळशाला शंभर पावलं लागली की तीनशे हे धुक्यात कोण मोजतं? तिचे डोळे वडिलांच्या पिवळ्या कोटावर खिळले होते. हा पिवळा ठिपका पुसला गेला तर आपण संपलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं. जिची नोकरीच खाली बघायची, ती त्या दिवशी खाली बघत नव्हती.

साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. पाणी फिरून पाऊण तास झाला होता. अजून ते दिसत नव्हतं, पण वाळूवरच्या बारीक खोबणींमधून सरकायला लागलं होतं. ऐकू येत होतं. कुणीतरी कागद चुरगाळतंय तसा आवाज, सगळीकडून एकदम.

पायाखाली करकर वाजलं.

"शिंपले!" केटेल ओरडले. आवाजात एवढा सुटकेचा भाव होता की मारेटला आश्चर्य वाटलं. हा माणूस सुटकेचा श्वास टाकत नसतो. त्याला मुळात खात्रीच असते. "आता उजवीकडे. पोचलोच आपण."

उजवीकडे वळून दोघं शिंपल्यांवरून चालली. तपकिरी शेवाळाचा जाड गालिचा होता आणि खाली काहीतरी मोडत होतं. बुटांतून मारेटला एवढंच कळत होतं की खाली टणक आहे. दोनशे पावलं, तीनशे. मग करकर थांबली आणि समोर पाणी आलं, करडं, डावीकडून उजवीकडे जोरात वाहणारं.

"संपले. हाच उतार," केटेल म्हणाले. "माझ्या मागे ये. गुडघ्याएवढंच आहे."

ते पाण्यात शिरले. मारेट घसरगाडी वळवायला मागे फिरली आणि तिची नजर, त्या तासाभरात पहिल्यांदा, जमिनीवर गेली.

शेवाळावर पाऊल होतं. लाल. त्याच्यामागे दुसरं. मागे धुक्यात जाईपर्यंत लाल पावलांची रांग होती, डावं, उजवं, डावं, उजवं, आणि प्रत्येक पाऊल रक्ताने भरलेलं.

तिला आधी अर्थच लागला नाही. मग तिने शेवाळ बाजूला केलं. खाली उभी, पातळ, वळणावळणाची, करड्या कडांची कालवं होती. हजारो. चहाची धार डोळ्यांपुढे आली, फडक्याने पुसलेलं लाल पाऊल आलं.

"बाबा! थांबा! मागे या!"

ते मांडीपर्यंत गेले होते. वळले, आणि वळताना पुढचा पाय खाली गेला तो गेलाच. पाणी छातीला लागलं. मारेटने चौकट उचलून पुढे फेकली, दोरी हातात धरून. केटेलनी ती पकडली. तिने ओढलं, पाय कालवांत रोवून, दात खाऊन, त्यांच्या कोटाची कॉलर हाताला लागेपर्यंत ओढलं.

दोघं काठावर पडली. मारेटने त्यांचा पाय धरून उलटा केला. तळवा चिरफाळला होता. एका चिरेत शिंपल्याचा तुकडा उभा रुतला होता. तिने तो उपटला. केटेल तिच्याकडे बघत होते, पायाकडे नाही. त्यांना काहीच झालं नव्हतं.

"दुखत नाही?"

केटेलनी पाय मागे ओढून घेतला.

"बाबा, दुखत नाहीये तुम्हाला?"

"नाही."

"कधीपासून?"

"नाताळपासून," ते म्हणाले. मग पायाकडे बघून, "त्याच्या आदल्या नाताळपासून. साखर. डॉक्टर म्हणाला होता असं होतं म्हणून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही!"

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं! नसतंच!" ती किंचाळत होती. तिला त्यांना मारावंसं वाटत होतं आणि घट्ट धरून ठेवावंसंही.

"मारेट," केटेल म्हणाले. त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा होता. "मला खाली काही नाही गं. मी हवेत चालतोय असं वाटतं. मघापासून मी फक्त आवाज ऐकून चाललोय."

तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की वडील घाबरले आहेत, आणि ते कळल्यावर तिची स्वतःची भीती दुप्पट झाली. आजवर तळावर जे भीतीदायक होतं ते सगळं या माणसाच्या पाठीमागे उभं राहून तिने पाहिलं होतं. आता पाठ नव्हती.

तिने डोळे मिटून नकाशा आठवला, तिनेच काढलेला. आपण बेचक्याच्या टोकावर आहोत. डावीकडे लांगलाय, समोर फाट्याचं तोंड. दोन्ही खोल. उतार फाट्याच्या पलीकडे दक्षिणेला, जेमतेम चारशे पावलांवर, आणि मधून नदीसारखं पाणी. म्हणजे फाट्याच्या काठाने पश्चिमेला उलटं जायचं, समुद्राच्याच दिशेने, तो जिथे उथळ होऊन संपतो तिथून वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. भरती चढत असताना आणखी आत जायचं.

"वेड लागलंय तुला," केटेल म्हणाले. "पाणी तिकडूनच येतंय."

"दुसरी वाट सांगा."

केटेल उठून उभे राहिले.

घसरगाडी तिने तिथेच सोडली, सकाळभरची मोजणी तिच्यातच. चौकट घेतली. वाळूवर आता घोट्याएवढं पाणी होतं, गढूळ, आणि खाली काही दिसत नव्हतं. चार पावलं चालल्यावर तिला कळलं की आपल्यालाही काही कळत नाहीये. रबरात पाय आंधळे होते, वडिलांसारखेच. तिने बूट ओढून काढले आणि फेकून दिले. थंडीने पावलं आधी पेटली, मग दुखली. पण जागी होती.

डाव्या तळव्याला टोचलं. कापलेल्या शेतातल्या खुंटांसारखं, बारीक, दाट. नळीकिडे. म्हणजे डावीकडे खोल पाणी, फाट्याचा काठ. उजव्या तळव्याखाली मऊ ढिगुळ चिरडलं, मग दुसरं. गांडुळांच्या शेवया. म्हणजे उजवीकडे उंच.

"बाबा, चौकट धरा. सोडू नका. बोलू नका."

ती चालू लागली. डाव्या पायाला खुंट, उजव्या पायाला शेवया. दोन्ही पायांना खुंट लागले की उजवीकडे सरकायचं, दोन्ही पायांना शेवया लागल्या की डावीकडे. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. मागे केटेल दोनदा पडले, कारण खड्डा आला की त्यांना तो पडल्यावरच कळत होता. ती मोठ्याने मोजत होती. मोजायचं थांबवलं तर रडू फुटेल असं तिला वाटत होतं. दोनशे दहा. दोनशे अकरा. आपण चुकलो असलो तर? ही फाट्याची कड नसून नुसतं एखादं डबकं असलं तर? ज्यांची शिस्त तिला इतकी आवडायची, त्या बोटभर किड्यांवर दोन माणसांचा जीव टांगला होता, आणि ते किडे तरी कुठे वचनाला बांधलेले होते?

तीनशे चाळीसला खुंट संपले. डावीकडे सरकली, शेवया. आणखी सरकली, शेवयाच. फाटा इथे संपला होता.

"वळा. दक्षिण."

केटेलनी होकायंत्र पुढे धरलं. वळसा घालून पूर्वेला तोंड केलं तेव्हा पाणी गुडघ्यावर होतं आणि मागून ढकलत होतं. पुन्हा डाव्या पायाखाली खुंट आले. तिने हुंदका दिला आणि पुढे चालत राहिली. पायांची जाणीव कमी होत चालली होती. थंडी तेच करत होती जे साखरेने तिच्या वडिलांना केलं होतं. ती दर दहा पावलांनी पाऊल आपटायची, जागं ठेवायला. कळेनासं झालं तर मग दोघांतलं कुणीच उरणार नव्हतं.

चारशेच्या पुढे तिने मोजणं सोडलं. आणि मग पायाखाली काहीतरी गोल आलं. गोल, गुळगुळीत, एकमेकांना धाग्यांनी घट्ट बांधलेलं, उशीसारखं दबणारं. तिने दुसरं पाऊल टाकलं. कापलं नाही.

"काळे शिंपले," ती म्हणाली. "बाबा, काळे शिंपले!"

"उजवीकडे," केटेल पुटपुटले. ते रडत होते.

पट्टा संपला तिथे पाणी कमरेला होतं. उताराच्या मध्यावर ते छातीला लागलं आणि ओढ इतकी होती की दोघं तिरपी चालली. मधेच केटेलच्या हातातून चौकट निसटू लागली तशी तिने त्यांचं मनगट धरलं आणि इतकं आवळलं की नखं आत गेली. ते त्यांना दुखलं, हे तिला त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि तेवढ्यातही तिला बरं वाटलं. मग तळ चढू लागला. छाती, कंबर, गुडघे. आणि समोरून, धुक्याच्या आतून, घंटा ऐकू आली.

बांधावर पोचायला आणखी दीड तास लागला, पाणी घोट्याशी पाठलाग करत होतंच. पायऱ्यांवर माणसं होती, घोंगड्या होत्या, आणि गोंडेलमावशी घंटेची दोरी सोडायला तयार नव्हती. तिचे हात सोलवटले होते. मारेटला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"तू? तू कुठून आलीस?"

"बाबांबरोबर होते की! सकाळी तू खिडकीत नव्हतीस का?"

"अगं, मी त्याच्याशी भांडत होते, तू बांधाखाली होतीस, मला दिसलीस कुठे! मी पायरीवर बघितलं. एकच जोड." तिने पायरीकडे बोट केलं. "बचावाच्या बोटीला मी सांगितलं, एक माणूस आहे. एकच. केटेल सापडला असता तर ते त्याला घेऊन परत फिरले असते."

बोटीला परत बोलवा, असं कुणीतरी शेवटी म्हणालं.

केटेलचे पाय लाकडी जोड्यांत जाईनात. शेजारच्या मोमेने त्यांना ढकलगाडीत बसवून घरी नेलं. पंचावन्न वर्षं लोकांना नेणारा माणूस गवताच्या गाडीतून घरी गेला आणि वाटेत एकही विनोद केला नाही. डॉक्टरने एकोणीस टाके घातले आणि भरपूर बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मारेटला माहेरच्या पलंगावर उशिरा जाग आली. खिडकीबाहेर ऊन होतं, धुक्याचा मागमूस नव्हता, समुद्र मागे गेलेला होता. आणि बांधाच्या वरच्या पायरीवर वडिलांचे लाकडी जोडे होते. टोकं गावाकडे.

ती जिना उतरली ती अर्धी घसरतच, दारं उघडी टाकत, बाबा, बाबा करत. तळावर गेला. आंधळ्या पायांनी, टाके घेऊन, एकटा गेला. या म्हाताऱ्याचा काही नेम नाही.

केटेल स्वयंपाकघरात बसले होते. दोन्ही पाय पांढऱ्या पट्ट्यांत, खुर्चीवर पसरलेले. पेल्यात खडीसाखर तडतडत होती.

"काय झालं? आग लागली का?"

मारेट दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "तुमचे जोडे... पायरीवर... मला वाटलं..."

"काल तिथेच राहिले."

"मग मी घेऊन येते." ती दाराकडे वळली.

"राहू दे."

"अहो, मावशी पुन्हा घंटा वाजवेल!"

"नाही वाजवणार. सकाळी येऊन विचारून गेली. तिलाही सांगितलंय, हात लावायचा नाही." केटेलनी पेला उचलला, पण प्यायले नाहीत. खिडकीतून पायरीकडे बघत राहिले. "परत आला नाही त्याचे जोडे हलवायचे नसतात, मारेट."

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, पट्ट्या बांधलेल्या पायांना टेकून. तिने पावलावर हात ठेवला होता हे त्यांना कळलं नसणार. मग ते म्हणाले, "मोजणी परत करावी लागेल ना?"

"हो. पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला."

"मग तुझे जोडे तिथे ठेवून जा. माझ्याशेजारी." "मी या खिडकीत बसेन. मला इथून मोजता आले पाहिजेत."